हत्यारपेटी : आधी बिट, मग रॅचेट

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, "घरात एकच हत्यार ठेवायचं असेल तर रॅचेटचा, बिटं बदलता येणारा स्क्रू ड्रायव्हर ठेवा." त्या एका वाक्यावर या महिन्याचं निम्मं टपाल आलंय. बिट म्हणजे स्क्रूच्या खाचेत बसणारं सुटं टोक, आणि रॅचेट म्हणजे मुठीतली अशी रचना की एका बाजूला फिरवली की स्क्रू फिरतो, उलटी नेली की मूठ नुसती कटकट करत मोकळी फिरते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत 27 वर्षं कंट्रोल पॅनेलचं वायरिंग केलं. सकाळी डबा ठेवला की हातात स्क्रू ड्रायव्हर, तो संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते हाताला कळलेलं आहे, कॅटलॉगमधलं नाही.

निवृत्त शिक्षक आहे. नव्या फ्लॅटमधल्या मॉड्युलर किचनची दोन दारं खाली ओघळली आहेत, एकमेकांना घासतात. सुतार "येतो येतो" म्हणत महिना झाला. शेवटी स्वतःच करायचं ठरवून दुकानात गेलो. दुकानदारानं 41 तुकड्यांचा डबा 300 रुपयांना दाखवला आणि सहा बिटांचा रॅचेटवाला 650 ला. डब्यात इतकं सगळं असताना जास्त पैसे कशाला द्यायचे? – एक वाचक, कराड

सर, डबा तिथेच राहू द्या. असा एक मीही प्रदर्शनातून हौसेनं आणला होता. पंख्याच्या कपाचा स्क्रू काढायला गेले आणि बिटाला जिलबीसारखा पीळ पडला. अशा डब्यातली पस्तीस बिटं आपल्याला जन्मात लागत नाहीत, आणि जी दोन-तीन रोज लागतात नेमकी तीच महिन्याभरात झिजून गोल होतात.

पण खरेदीच्या आधी तुमचं दार पाहू. दार उघडून बिजागरीवरच्या स्क्रूच्या डोक्याकडे बॅटरी मारून बघा. फुली दिसेल. त्या फुलीच्या चार हातांच्या मध्ये चार बारीक रेघा कोरलेल्या दिसल्या, तर तो साधा फिलिप्स नाही, पोझिड्राइव्ह आहे. कपाटांच्या बहुतेक बिजागऱ्यांना हाच असतो, आणि त्याला 'पीझेड 2' असं लिहिलेलं बिट लागतं. आपल्याकडे दुकानात सरसकट सगळ्याला 'स्टार' म्हणतात आणि 'पीएच 2', म्हणजे फिलिप्सचं बिट, हातात देतात. ते बिट त्या खाचेत बसल्यासारखं वाटतं, पण डुलतं. दोनदा निसटलं की खाच खराब, मग सुतारही हात वर करतो. बिटावरची अक्षरं वाचूनच घ्या.

बिजागरीच्या पट्टीवर दाराच्या बाजूचा जो स्क्रू आहे त्यानं दार डावी-उजवीकडे सरकतं. मागच्या स्क्रूनं दार आत-बाहेर होतं. आणि पट्टी ज्या प्लेटवर बसली आहे, त्या प्लेटचे स्क्रू सैल केले की दार वर-खाली होतं. तुमची दारं एकमेकांना घासतात म्हणजे आधी दाराच्या बाजूचा. एका वेळी अर्धा फेरा, दार मिटून बघायचं, मग पुढचा अर्धा. वरच्या आणि खालच्या दोन्ही बिजागऱ्यांवर थोडं थोडं करा. घाई केली की एक दार सुधारतं आणि शेजारचं रुसतं.

आता दुकान. रॅचेटवाला हातात घेतला की पहिल्यांदा बिट ओढून काढा. साधं 25 मिलिमीटर लांबीचं, पाव इंची षटकोनी बुडख्याचं (म्हणजे 6.35 मिलिमीटर) बिट असेल तर उत्तम, कारण ते झिजलं की कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात तसंच दुसरं मिळतं. काही स्क्रू ड्रायव्हरांत दोन्ही टोकांना आकार असलेली, त्याच कंपनीच्या मापाची लांब बिटं असतात. दिसायला छान, पण एक बिट गेलं की त्याच्या जोडीचं शोधत फिरायचं. बिट ही झिजणारी वस्तू आहे, चपलेच्या टाचेसारखी. ते बदलता येणार नसेल तर 'मल्टी-बिट' या नावाला काही अर्थ उरत नाही.

मग मुठीजवळचं कडं फिरवून बघा. त्याला तीन जागा हव्यात, एक आवळायची, एक सोडवायची आणि मधली कुलूपबंद. मधल्या जागेवर रॅचेट चालत नाही, तो साध्या स्क्रू ड्रायव्हरसारखा घट्ट राहतो. मधली जागा नसलेला घेऊ नका. तुमच्या बिजागऱ्यांचं अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याचं काम त्याच जागेवर करायचं आहे.

आणि आता ती परीक्षा, जी दुकानदाराला आवडत नाही. कडं आवळायच्या बाजूला ठेवा. डाव्या हाताच्या दोन बोटांत बिट अगदी हलकं धरा, फुलपाखराचा पंख धरावा इतपत. उजव्या हातानं मूठ उलटी फिरवा. कटकट आवाज यायला हवा आणि बिट बोटांत स्थिर राहायला हवं. मुठीबरोबर बिटही मागे फिरू लागलं, तर रॅचेट जड आहे. असा स्क्रू ड्रायव्हर घरी वापरताना काय होतं? स्क्रू सुरुवातीला एक-दोन आट्यांवरच असतो, त्याला पकड नसते. तुम्ही हात मागे नेता तेव्हा तोही मागे येतो. पुढे नेला की पुढे, मागे आणला की मागे. पाच मिनिटं कटकट करून स्क्रू जागच्या जागी. हा दोष पाकिटावर कुठेच लिहिलेला नसतो.

पाकिटावर लिहिलेलं असतं ते '72 दात'. दात जास्त म्हणजे रॅचेट कमी कोनात पुढचा दात पकडतं. 72 दातांना 5 अंशांवर, 24 दातांना 15 अंशांवर. सांदीकोपऱ्यात हात जेमतेम हलतो तिथे याचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण कडं कुलूपबंद ठेवून बिट पक्कडीत धरा आणि मूठ हलवा. दोन्हीकडे ढिली डुगडुगत असेल तर ते 72 दात त्या ढिलाईतच वाया गेले. मी दातांपेक्षा ढिलाई बघते.

बिट जिथे बसतं तो नाकाडाही बघून घ्या. जाड असेल तर मिक्सरच्या बुडाशी किंवा इस्त्रीच्या मुठीत खोल गेलेल्या स्क्रूपर्यंत पोचणार नाही. त्यासाठी 50 मिलिमीटरचं एक लांब बिट जादा घ्या. लांब बिटाच्या बुडख्यावर गोल खाच असते, ती काही मुठींत नीट अडकत नाही, तेव्हा दुकानातच बसवून, ओढून बघा.

एवढ्यात पास झाला तर 650 द्या. सहा बिटांत पीएच 1, पीएच 2, दोन चपटी असतील, पीझेड 2 बहुधा नसेल. ते सुटं घ्या, दोन घ्या.

थंडी पडली की माझा रॅचेट स्क्रू ड्रायव्हर जाम होतो. दोन्हीकडे फिरतच राहतो, पकडत नाही. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ठणठणीत. खराब झाला का? – द्राक्ष बागायतदार, निफाड

दादा, त्यात खोबरेल घातलंयत ना?

पत्रात तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण दुसरं काही असण्याची शक्यता मला दिसत नाही. रॅचेटमध्ये दातेरी चाक असतं आणि त्यात अडकणारा, मागून बारीक स्प्रिंग लावलेला खटका. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तोच प्रकार, सायकलवाले त्या खटक्याला 'कुत्ता' म्हणतात. स्प्रिंग खटक्याला दातात ढकलते म्हणून पकड येते. खोबरेल 24-25 अंशांच्या खाली थिजायला लागतं, आणि तुमच्या निफाडचा पारा थंडीत कुठे जातो ते सगळ्या महाराष्ट्राला पेपरात वाचायला मिळतं. थिजलेल्या तेलात खटका चिकटून बसतो, स्प्रिंगचा जीव तेवढा नसतो. दुपारी उन्हात ठेवून बघा, आपोआप चालेल. चालला तर माझा अंदाज खरा.

उपाय सोपा. ट्रॅक्टरचं थोडं डिझेल एका वाटीत घ्या, नुसतं नाक बुडेल एवढं. मूठ बुडवू नका, मुठीवरचं रबर फुगतं. कडं दोन्ही बाजूंना फिरवत दहा-पंधरा मिनिटं कटकट वाजवत राहा, मैला बाहेर येईल. हे घराबाहेर करा, बिडीवाल्यांपासून लांब. मग फडक्यावर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या आणि सकाळी शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. तीन नाही. उघडून साफ करायचा मोह आवरा. स्प्रिंग उडाली की ती कोंबड्यांनाच सापडते.

बाइकच्या पुढच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाचे दोन स्क्रू निघत नाहीत. नवा रॅचेट स्क्रू ड्रायव्हर लावला, एकाची खाच अर्धी खाल्ली गेली. मित्र म्हणतो, मागून हातोडी मार. मारू का? – कॉलेज विद्यार्थी, इचलकरंजी

रॅचेटवर हातोडी मारू नकोस. ते दात आणि खटका फिरवण्यासाठी असतात, ठोके खाण्यासाठी नाही. एका ठोक्यात दाताचा कोपरा उडाला की पुढे आयुष्यभर तो अधूनमधून निसटत राहील, आणि निसटेल तोही नेमका जोर लावल्यावर.

आधी दुसऱ्या, शाबूत स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका आहे का बघ. जपानी घडणीच्या गाड्यांवर असा ठिपका असलेले स्क्रू सापडतात. ती जपानी मानकाची फुली, जेआयएस. फिलिप्ससारखीच दिसते, फिलिप्स मात्र नाही. फिलिप्सचं बिट त्यात तळापर्यंत टेकत नाही, वर तरंगतं आणि जोर आला की निसटून कडा खातं. तुझ्या पहिल्या स्क्रूचं तेच झालंय. जेआयएसचं बिट मोठ्या टूलच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. नाहीच मिळालं तर पीएच 2 बिटाचं अगदी टोक दगडावर किंचित घास, नखाच्या जाडीएवढंही नको, म्हणजे ते खोल बसतं. जुने मेस्त्री हेच करतात.

आता काढायची पद्धत. कडं मधल्या कुलपाच्या जागेवर. रॅचेट चालू ठेवून जाम स्क्रू पहिल्यांदा हलवायचा नसतो, रॅचेटमधली ढिलाई आणि आपला झटका एकत्र आले की बिट उडतं. मुठीच्या मागे तळवा टेकव आणि दहातला सात हिस्से जोर दाबायला लाव, तीन फिरवायला. बहुतेक जण बरोबर उलटं करतात. बिटाच्या टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट किंचित लाव, त्यातल्या खरखरीत कणांमुळे पकड वाढते. स्क्रू एकदा 'कट' करून सुटला की मग रॅचेट चालू कर आणि आरामात काढ.

ठोका द्यायचाच असेल तर एकसंध दांड्याचा साधा स्क्रू ड्रायव्हर लावून त्यावर दोन हलके ठोके दे. पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियमची डबी, मध्ये पाणी गेलं की दोघं एकमेकांना धरून बसतात. त्या ठोक्यानं पकड सुटते. डबी पातळ असते, घण घातल्यासारखा मारू नकोस. झाकण उघडण्याआधी पेस्ट पूर्ण पुसून घे, ऑइलमध्ये कण जाता कामा नये. आणि टाकीवर ओलं फडकं टाक. ब्रेक ऑइलचा एक थेंब रंग उचलतो, तो मात्र कुठल्याच बिटानं परत बसत नाही.

स्क्रू ड्रायव्हरची मूठ प्लास्टिकची आहे. मग मेन बंद न करता स्विचबोर्डचं काम केलं तर चालेल ना? आणि आवळताना 'कट्ट' वाजलं की स्क्रू पुरेसा घट्ट झाला असं समजायचं का? – एक वाचक, लातूर

नाही. आणि नाही.

बिटं बदलणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरचा दांडा उघडं लोखंड असतो, बोट सहज घसरून त्यावर जातं. मुठीतला रॅचेटही लोखंडाचाच. विजेच्या कामाचा स्क्रू ड्रायव्हर वेगळा, टोकापर्यंत इन्सुलेशन चढवलेला. त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्ही असं छापलेलं असतं. तो हातात असला तरी घरात मेन बंदच करायची. मात्र मेन बंद करण्याआधी टेस्टर चालू बोर्डावर पेटतो का बघून घ्यायचा, आणि बंद केल्यावर तोच कामाच्या जागी लावायचा. मेलेला टेस्टर सगळीकडे 'वीज नाही' असंच सांगतो.

'कट्ट' आवाज हा रॅचेटच्या दाताचा. तुम्ही हात मागे नेताना तो वाजतो, स्क्रूच्या घट्टपणाशी त्याचा काही संबंध नाही. ठरावीक जोराला सुटणारा टॉर्क स्क्रू ड्रायव्हर हे वेगळं आणि महाग यंत्र. आमच्याकडे ते होतं. छोट्या टर्मिनलला (तार आवळायच्या जागेला) अर्धा न्यूटन-मीटर, एमसीबीला (आपोआप पडणाऱ्या स्विचला) दोन-अडीच. अर्धा न्यूटन-मीटर म्हणजे तीन बोटांची चिमूट, पूर्ण मूठ नव्हे. नव्या मुली पहिल्या आठवड्यात मुठीनं आवळायच्या आणि आटे घालवायच्या. सैल राहिला तर तार तापते, फार आवळला तर आटे जातात आणि तो सैलच होतो.

सागवानी देवघराला पितळी स्क्रू लावताना दोन डोकी तुटली. – गृहिणी, वाई

ताई, पितळ मऊ. आधी बारीक छिद्र पाडा, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पूर्ण घालून काढा, मग त्या तयार वाटेनं पितळी. आट्यांना मेणबत्ती घासा; साबण नको, तो ओल धरतो आणि पितळ हिरवं पडतं. शेवटचे दोन फेरे रॅचेट कुलूपबंद करून, चपटं बिट खाचेच्या लांबीइतकं रुंद घेऊन. तुटलेली डोकी राहू द्या आत, शेजारी नवी जागा करा.

मिसिसागाला नुकते राहायला आलो. इथल्या स्विचबोर्डाच्या, डेकच्या सगळ्या स्क्रूंना फुली नाही, चौकोनी भोक आहे! भारतातून आणलेलं एकही बिट बसत नाही. – एक वाचक, कॅनडा

तो रॉबर्टसन. तुम्ही त्याच्या गावाच्या अगदी शेजारी आहात. पी. एल. रॉबर्टसन यांनी 1908 साली हा चौकोनी खाचेचा स्क्रू काढला आणि ऑन्टारियोतल्याच मिल्टनमध्ये कारखाना टाकला. बिटं रंगावरून ओळखतात, नेहमीच्या मापांत पिवळा सगळ्यात बारीक, मग हिरवा, लाल, काळा. तुम्हाला बहुतेक ठिकाणी लाल, म्हणजे 2 नंबर लागेल. बुडखा तोच पाव इंची, तेव्हा इथून नेलेली रॅचेटची मूठ चालेल, फक्त बिटं तिथली घ्या. त्या चौकोनात बिट इतकं नेटकं बसतं की एका हातानं स्क्रू टोकावर धरून लावता येतो. मला हेवा वाटला.

मुलगी 14 वर्षांची, डावखुरी. तिला सायकल, खेळणी खोलायचा नाद आहे. रॅचेट घेऊन द्यायचं म्हणतोय. डावखुऱ्यांसाठी वेगळा येतो का? ती म्हणते आवळताना हात दुखतो. – एक वडील, देवगड

वेगळा येत नाही, लागतही नाही. कडं दोन्हीकडे फिरतं. पण तिचं म्हणणं खरं आहे, लाड म्हणून सोडून देऊ नका.

कोपर वाकवून तळवा वरच्या बाजूला वळवताना दंडातली बेटकुळी मदतीला येते. तळवा खाली वळवताना येत नाही, ते काम कोपरापुढचे बारीक स्नायू करतात आणि लवकर थकतात. उजव्या हातानं आवळायचं म्हणजे तळवा वर, म्हणून आम्हा उजव्यांना आवळणं सोपं. डाव्या हातानं आवळायचं म्हणजे तळवा खाली. जगातले जवळजवळ सगळे स्क्रू उजव्यांच्या सोयीचे झालेत, त्याला रॅचेट काही करू शकत नाही. रॅचेट एवढंच करतं की प्रत्येक फेऱ्याला मूठ सोडून पुन्हा धरायची गरज राहत नाही.

त्या सोडण्या-धरण्यात काय जातं ते मला विचारा. एका पॅनेलला चारशेच्या वर टर्मिनल, प्रत्येकाला दोन स्क्रू. पंधराव्या वर्षी माझ्या अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू झाली, सकाळी भाकरी थापताना पहिली दोन वेडीवाकडीच व्हायची. पहिला रॅचेट मी स्वतःच्या पैशांनी घेतला तो तेव्हा. कळ आठवड्यात गेली नाही, वर्षभरात कमी झाली.

मुलीला मूठ तिच्या हाताच्या मापाची घ्या. बिटं ठेवायची जागा मुठीत असली की मूठ फुगते आणि लहान हातात मावत नाही. बारीक मूठ, सुटी बिटं हे तिला बरं. आवळताना शेवटचा जोर उजव्या हातानं देऊन बघ म्हणावं, आठ-दहा दिवसांत सवय होईल.

आणि तिला हेही सांगा. आमच्या लाइनवर एक डावखुरी होती. आवळण्यात ती सगळ्यांच्या मागे असायची, सुपरवायझर तिला बोलायचा. पण दुरुस्तीला परत आलेल्या पॅनेलचा गंजून बसलेला स्क्रू कोणालाच हलत नसला, की आम्ही तो ट्रे गुपचूप तिच्या टेबलावर सरकवायचो. सोडवताना तिचा तळवा वर जायचा.